सोवळ्यातला लसूण

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता अज्जा देवघरातून बाहेर आले, अंगणाच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "घरात लसूण आहे."

स्वयंपाकीण भागुअक्काच्या हातातली सांडशी पडली. वसुमतीकाकू भिंतीला धरून खाली बसली. मी पेपर वाचत होतो, तो तसाच वाचत राहिलो. ज्याच्यावर संशय येणार असतो त्यानं उगाच हालचाल करू नये.

बाहेरच्या माणसाला यातली भीती कळायची नाही. आम्ही माध्व, मध्वाचार्यांच्या पंथातले कडक सोवळ्याचे वैष्णव. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या मागोमाग कागदपत्रं लिहायला आमचे पूर्वज बंगळुरात आले. तेव्हापासून आमची मराठी अर्धी कन्नड झाली, राजे बदलले, साहेब आले आणि गेले, पण लसूण आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. १९६० सालच्या त्या श्रावणात, बसवनगुडीतल्या घरात, तो आला असं अज्जा म्हणत होते.

"पण तो वास लसणाचाच, हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. ही माझी चूक झाली.

"एकोणीसशे अकरा," अज्जा म्हणाले. "गुंतकल स्टेशन. समोरच्या बाकावर एक मनुष्य चटणी-भाकरी सोडून बसला. मी गाडीतून उतरलो."

"मग?"

"पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती."

अज्जा म्हणजे माझे आजोबा हयवदनराव, निवृत्त शिरस्तेदार, वय चौऱ्याहत्तर. झडती त्यांनी स्वतः घेतली. स्वयंपाकघरात शिंकाळ्याखाली उभं राहून म्हणाले, "इथं आहे." काकूच्या कपाटात डोकं घालून म्हणाले, "इथंही आहे." माझी ट्रंक उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मी वाकून वास घेतला. होता. माझ्या धुतलेल्या सदऱ्यांना, स्वल्प का होईना, लसणाचा वास होता. मी लसूण खाल्ला नव्हता, पण त्या क्षणी मलाच माझी खात्री वाटेना.

मागच्या खोलीत रघुजी मास्तर राहायचे. शिवाजीनगरात त्यांचं शिवणकामाचं दुकान. ते लसूण खात, पण फक्त रविवारी, फक्त बहिणीकडे, आणि परत येताना आंघोळ करून. अशी भाडेकरू होताना बोली झाली होती. वास तिथंही निघाला.

चार ठिकाणी लसूण सापडला आणि पाकळी एकही नाही.

"भागुबाई," अज्जा म्हणाले, "द्वादशी झाली की तुम्ही दुसरं घर बघा."

तीस वर्षं या घरात चूल पेटवलेल्या बाईला एवढंच सांगून ते पायरीवर बसले. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांचा चेहरा चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला आणि ते अंगणातच ओकले.

आजारपण ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे, असं अज्जांचं मत होतं. साहेब गेले तरी ते राहिलं, याचं त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

२

डॉक्टर अपचन म्हणाले. संध्याकाळी अज्जा बरे झाले आणि आम्हीही अपचन म्हणालो. मंगळवारी सकाळी ते देवघरातून बाहेर आले, लसूण लसूण म्हणत घरभर फिरले आणि पुढच्या दारात पुन्हा ओकले. या वेळी हात कापत होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. काकूनं त्यांना आत नेलं.

नेमका तेव्हाच देवाप्पा आला.

देवाप्पा नगरपालिकेचा उंदीर-इन्स्पेक्टर. निपाणीकडचा माणूस, मिशा भरघोस, सायकलला औषधाची पिशवी. अज्जा बारा वर्षांचे असताना गावात प्लेग आला होता. घरातली पाच माणसं एका आठवड्यात गेली. म्हणून उंदीर म्हटलं की अज्जांना देवाप्पा लागायचा. पण देवाप्पाला दारापुढच्या कट्ट्यापलीकडे यायची परवानगी नव्हती.

त्यानं सायकल लावायला घेतली, नाक वर केलं, आणि सायकल त्याच्या हातातून पडली.

"अण्णा, ह्यो वास कधीपास्नं?" त्यानं मला विचारलं.

"कालपासून. कुणीतरी घरात लसूण आणलाय."

"ह्यो लसूण न्हवं," देवाप्पा म्हणाला. "ह्ये माझं औषध हाय."

मी हसलो. तो हसला नाही.

"झिंक फॉस्फाइड," तो म्हणाला. "काळपट पूड. कोरडी असली की गप पडून राहती. ओल लागली की तिच्यातनं वायू सुटतो, आणि त्या वायूला लसणाचा वास. उंदराच्या पोटात गेली की तिथल्या आंबट रसानं अजून जोरात सुटतो. उंदीर आतल्या आत गुदमरतो."

"आणि माणूस?"

"माणूस जरा मोठा उंदीर, एवढंच."

"उतारा काय?"

"न्हाई."

"नाही म्हणजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई." त्यानं पडलेली सायकल उचलली. "धा दिवसांमागं मी पुडी दिली होती. तिचं काय केलंसा?"

ते मीच केलं होतं. तांदळाच्या पिठात आणि गुळात ती काळी पूड मळून विहिरीपाशी गोळ्या केल्या होत्या, बिळांपाशी ठेवल्या होत्या. सगळ्या फस्त झाल्या.

"मेले किती?"

मी विचार केला. "एकही नाही."

तेवढ्यात कोळशाच्या खोलीतून एक उंदीर निघाला. भर दिवसा, सावकाश, जेवण झालेल्या मामलेदारासारखा तो अंगण ओलांडून गेला. अंगावर तुकतुकी होती. मधे थांबून त्यानं देवाप्पाकडे पाहिलंही.

देवाप्पाचं तोंड उघडंच राहिलं. "गोळ्या खाऊन ह्यो असा? अण्णा, तुम्ही मळलेली पूड माझी न्हवती."

"काळीच होती."

"काळी असंल. माझी न्हवती. माझी पूड हाय ह्याच घरात, आणि ती वली झालीया."

आतून अज्जांच्या ओकण्याचा आवाज आला.

३

त्या दुपारी घरात कुणी जेवलं नाही. ताटं वाढली, आम्ही ताटांकडे बघितलं, ताटांनी आमच्याकडे बघितलं. शेवटी काकूनं सगळा भात गाईला घालायला सांगितला, मग गाईची दया येऊन परसात पुरायला सांगितला.

पोलिसांना बोलवावं असं मी सुचवलं. "बूट घालून घरात येतील," काकू म्हणाली. "विषाच्या आधी अज्जा त्यानंच जातील."

म्हणून तपास देवाप्पानं केला. त्याला आत येता येत नव्हतं, तेव्हा तो कट्ट्यावर बसला आणि आम्ही एकेक करून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलो. अज्जा आत पडून होते. त्यांना काही सांगितलं नव्हतं. अंगणातून त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि तो ऐकू यायचा थांबला की आम्ही सगळेच बोलायचे थांबत होतो.

पहिली भागुअक्का.

"पुडी आली त्या दिवशी काय केलंसा, अक्का?"

"तू हातात द्यायला निघाला होतास. मी म्हटलं, कट्ट्यावर ठेव, मला पुन्हा न्हायला लावू नकोस. मग पाणी शिंपडलं."

"विषावर पाणी शिंपडलं?"

"विष झालं तरी बाहेरूनच आलं ना? त्या दिवशी कट्ट्यावर जे होतं त्या सगळ्यावर शिंपडलं. भाजी, मठातनं आलेला प्रसाद, पोस्टाचं कार्ड. या घरात तारसुद्धा शिंपडल्याशिवाय आत येत नाही."

"रावसाहेबांनी तुम्हाला काढून टाकलं. राग आला आसंल."

"काढलं काल. ओकले ते त्याच्यानंतर लगेच. एवढ्यात विष घालायला मी काय वीज आहे? त्यांच्या पानात मी वाढते. दुसरं कुणी हातसुद्धा लावत नाही. म्हणजे तुम्ही सगळे मलाच म्हणणार."

"येक काम करा. त्यांच्या आधी तुम्ही खाऊन दाखवा."

भागुअक्कानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं तिला उंदीर शिजवायला सांगितलं होतं. "नैवेद्याआधी चव? तीस वर्षांत मीठ जास्त झालं का कमी, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळतं. मरेन, पण उष्टं वाढणार नाही."

काकू आली. काका रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस हुबळीला. सासऱ्यांशी गाठ हिची एकटीची. "मला त्यांचा राग येतो," ती सरळ म्हणाली. "रोज येतो. नळ घरात घेऊ देत नाहीत, रेडिओ घेऊ देत नाहीत. पण रागानं सासरा मरत असता, तर बसवनगुडीत एकही उरला नसता."

रघुजी मास्तर टेप गळ्यात घालूनच आले. त्यांना दसऱ्यापर्यंत खोली सोडायला सांगितलं होतं.

"वास होता खरा," ते म्हणाले. "अज्जा आले, मशीनवर वाकले, म्हणाले लसूण. मलाही आला. ते गेल्यावर मी इस्त्री फिरवायला घेतली. एक बाही झाली तोवर वास गेला. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, तोही रागावून गेला असेल."

शेवटी मी.

"रावसाहेब गेले तर तुम्हाला काय मिळंल?"

"घरातला वाटा. पण मला नको."

"सगळे आसंच म्हणत्यात," देवाप्पा म्हणाला. "गोळ्या तुम्ही मळल्या. माझ्या पुडीवर मी निळ्या शाईनं मेलेला उंदीर काढतो, पाय वर केलेला. लोकांना वाचता येत न्हाई म्हणून. तुमच्या पुडीवर होता?"

मी आठवून पाहिलं. "नव्हता. ओला कागद होता. मला वाटलं पाण्यानं पुसला."

"उचलली कुठनं?"

"कट्ट्यावरनं. तेवढी एकच राहिली होती."

देवाप्पानं मिशीवरून हात फिरवला. त्याला काही सुचलंय असं वाटलं, पण तो एवढंच म्हणाला, "उद्या त्यांच्या पोटात कायबी जाऊ देऊ नका. दोन दिस झाले. तिसरा झेपायचा न्हाई."

"उद्या एकादशी आहे," काकू म्हणाली. "पाण्याचा थेंबही घेत नाहीत."

आमच्या घरात त्या वर्षी एकादशीचं जितकं स्वागत झालं, तितकं खुद्द वैकुंठातही झालं नसेल.

४

बुधवारी चूल पेटली नाही. स्वयंपाकघराला मी कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. विहिरीचा दोर काढून ठेवला. आंघोळीच्या पाण्यात भागुअक्कानं आधी स्वतःचा हात बुडवून पाहिला, मग मी बुडवला, मग काकूनं. अज्जांचं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. ते म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना झालंय काय?"

कुणालाच काही झालं नव्हतं, तेच आम्हाला हवं होतं.

सात वाजता ओलेत्यानं ते देवघरात गेले आणि नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं. सोवळ्यात असताना त्यांना कुणाचं तोंड दिसलेलं चालत नसे. मी बाहेर बसलो. घंटा वाजली. मंत्र ऐकू येत होते. पोट रिकामं, चूल थंड, कुलपाची किल्ली माझ्या छातीवर. आता त्यांना काय होणार?

नऊ वाजता दार उघडलं.

आधी वास आला. मग अज्जा आले, चौकटीला धरून. कपाळावर रोजचा अक्षतेचा, म्हणजे लाल गंधाचा, ठिपका नव्हता, एकादशीला तो लावत नाहीत. नुसती अंगाऱ्याची, धुपाच्या कोळशाच्या पुडीची, उभी काळी रेघ. ओठ जांभळट पडले होते. दोन पावलं टाकली आणि तिसरं टाकायच्या आत ते खाली आले. मी धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

ओकायला पोटात काहीच नव्हतं, तरी ते ओकत राहिले.

मग त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. प्लेग पाहिलेला तो माणूस, स्टेशनावर रात्र काढलेला माणूस, मी त्यांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"वादी," ते म्हणाले, "आज मी काही खाल्लं नाही रे."

५

रघुजी मास्तर डॉक्टरांकडे धावले. पण आधी पोचला तो देवाप्पा. त्यानं कट्ट्याजवळूनच ओरडून सांगितलं, "उघड्यावर आणा! वाऱ्यावर!" आम्ही अज्जांना उचलून बाहेर आणलं, कट्ट्यावर निजवलं. देवाप्पानं वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला, मग कपाळाचा, आणि तिथंच थांबला.

"पोटात काय गेलं आज?"

"काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"मग विष जेवणात न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे भागुअक्का सुटल्या." दारात उभ्या असलेल्या भागुअक्कानं पदर तोंडात कोंबला. "आता सांगा. परवा वास कुठंकुठं सापडला?"

"स्वयंपाकघर, कपाट, ट्रंक, मास्तरांची खोली."

"कुणाला?"

"अज्जांना."

"ते नसताना कुणाला आला?"

मी काकूकडे पाहिलं, काकूनं माझ्याकडे. कुणालाच नव्हता. अज्जा ट्रंकेवर वाकले तेव्हा माझ्या सदऱ्यांना वास आला. मास्तरांच्या खोलीतून ते गेले आणि एका बाहीची इस्त्री होईपर्यंत तोही गेला.

"वास घरात न्हाई," देवाप्पा म्हणाला. "वास ह्यांच्याबरोबर चालतोय. लसूण शोधणारा माणूसच लसूण घेऊन फिरतोय, बिचाऱ्याला म्हाईत न्हाई. आता म्हणा, ह्या घरात रावसाहेब जातात आणि दुसरं कुणीबी जात न्हाई अशी जागा कुठली?"

सगळ्यांच्या माना देवघराकडे वळल्या.

"नाही," अज्जा म्हणाले. डोळे मिटलेले, आवाज दोऱ्याएवढा. "सोवळ्याशिवाय कुणी जायचं नाही."

"सरी अज्जा. मी न्हाऊन ओलेत्यानं जातो."

देवाप्पानं माझा दंड धरला. त्यानं मला शिवायची ही पहिलीच वेळ. "पाण्याचा थेंब नेऊ नका! आधीच तिथं वायू साठलाय. वरनं आजून ओल? कोरडे जा."

"कोरडा म्हणजे ओवळा," अज्जा म्हणाले.

"ओलं म्हंजे मरण," देवाप्पा म्हणाला.

मला वादिराज हे नाव ठेवणाऱ्यांना मी वादात कधीतरी जिंकेन असं वाटलं असावं. मी कोरडंच जायचं ठरवलं. विजारीतच उठलो, अज्जांकडे पाठ केली आणि छाती भरून श्वास घेतला.

"खिडकी आधी उघडा," देवाप्पा मागून म्हणाला. "आत श्वास घ्यायचा न्हाई. पूड सांडायची न्हाई. कायबी झालं तरी."

देवघर चार हात लांब, तीन हात रुंद. वीस वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. पावसासाठी खिडकीला फळी ठोकलेली. समई तेवत होती. ती फळी मी दोन्ही हातांनी ओढली, हलेना. छातीत ढोल वाजायला लागला. देव शांतपणे माझ्याकडे बघत होते. त्यांना श्वास घ्यावा लागत नाही. तिसऱ्या हिसक्याला फळी निघाली, त्याबरोबर माझा श्वासही सुटला, आणि नकळत मी एक घोट आत घेतला. लसूण. कुजलेल्या मासळीत ठेचावा तसला. डोळ्यांसमोर काळं आलं.

पाटाजवळ एका सहाणेवर काळा ओला लेप होता. शेजारी चांदीची डबी, उघडी. डबीखाली घडी करून जपून ठेवलेला एक कागद. मी डबी लावली, कागद उचलला, सहाण तशीच ठेवून बाहेर पळालो आणि अंगणात गुडघ्यांवर कोसळलो.

हा वायू पेट घेऊ शकतो, हे देवाप्पानं मला नंतर सांगितलं. समई जळत असताना आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "मग तुम्ही गेला नसता," तो म्हणाला. हे खरं होतं.

६

देवाप्पानं कागद उलगडला. पाण्यानं फिसकटलेली निळी शाई. पण नीट बघितलं तर शेपूट दिसत होती, आणि वर केलेले चार पाय.

"माझा उंदीर," तो म्हणाला.

मग त्यानं अज्जांचं कपाळ आधी कोरड्या फडक्यानं पुसलं, नंतर तांब्यामागून तांब्या पाणी ओतून धुतलं. हात पण धुतले. अज्जांनी विरोध केला नाही. उंदीर-इन्स्पेक्टरचा हात आपल्या कपाळावर आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

"धा दिवसांमागं कट्ट्यावर दोन पुड्या होत्या," देवाप्पा पुसता पुसता बोलत होता. "येक माझी, विषाची. येक मठातली, अंगाऱ्याची. दोन्हीत काळी पूड. अक्कांनी दोन्हींवर पाणी शिंपडलं, माझा उंदीर विरघळला. रावसाहेब न्हाऊन आले आणि आपली म्हणून येक उचलली."

"अंगाऱ्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही," मी म्हणालो. "आणि उरलेली मी बिळात घातली."

"उंदरांनी धा दिवस मठाचा अंगारा खाल्ला. म्हणून तुकतुकी."

"पण दहा दिवस काही झालं नाही," काकू म्हणाली. "सोमवारीच कसं?"

अज्जांनी डोळे उघडले. "जुना अंगारा रविवारी संपला. सोमवारी नवा काढला. सहाणेवर पाण्यात कालवला. मग त्याच सहाणेशेजारी तास-दीड तास..." त्यांना धाप लागली. "रोज."

"बंद खोलीत," देवाप्पा म्हणाला. "आणि थोडा कपाळावर लावून घरभर."

"कागदावर निळा डाग होता," अज्जा पुटपुटले. "मी पाहिला. अंगाऱ्याच्या कागदावर निळं काही असत नाही. मला वाटलं..."

"काय वाटलं, रावसाहेब?"

"मला वाटलं, कृष्ण प्रसन्न झाला."

देवाप्पानं त्या कागदाची जपून घडी केली. आपल्या उंदराला कुणी एवढा मान दिल्याची त्याच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ असणार.

डॉक्टर आले, गाडी आली. मोठ्या इस्पितळात त्यांना तीन दिवस नळी लावून ठेवलं. उतारा नसतो म्हणजे काय, ते मला तिथं कळलं: डॉक्टर पण आपल्यासारखेच खाटेजवळ उभे राहतात आणि वाट बघतात. काकू बाकावर बसून होती. तिनं नळाचं नाव काढलं नाही, रेडिओचं नाव काढलं नाही; अज्जांची छाती खाली गेली की ती वर येईपर्यंत तिची नजर हलत नव्हती. चौथ्या दिवशी अज्जांनी डोळे उघडून विचारलं, "पारण्याला सार कुणी केलं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "भागुअक्का इथंच बाहेर बसलीय. चार दिवस."

"मग तिला घरी पाठव," अज्जा म्हणाले. "मी आलो की जेवणार आहे."

माफी मागायची त्यांची हीच पद्धत होती. भागुअक्का रडत रडत चूल पेटवायला गेली.

पंधरा दिवसांनी ते घरी आले. दरम्यान देवाप्पानं सांगितल्याप्रमाणे ती डबी आणि सहाण कोरड्या वाळूत गाडून त्याच्या खात्याकडे गेली, आणि देवघराच्या भिंतीला मी गवंड्याकडून मोठी खिडकी पाडून घेतली. अज्जा दाराशी उभे राहून त्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले. तिच्यातून शेजाऱ्यांचा पेरू दिसत होता. पूजेला बसायची त्यांची हिंमत होत नव्हती. तेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पंच्याची गाठ त्यांनी तीनदा सोडली आणि तीनदा बांधली.

"देवाप्पाला बोलवा," ते म्हणाले.

देवाप्पा आला आणि सवयीनं कट्ट्याशी थांबला.

"आत या."

"रावसाहेब, मी..."

"आत या म्हणतो ना. हवा बघून सांगा."

विषाच्या पिशवीत सकाळ-संध्याकाळ हात घालणारा तो माणूस उंबऱ्याशी येऊन अडला. चपला काढल्या, पुन्हा एकदा बघितलं की खरंच काढल्यात. पाय धुतले. आम्ही सगळे मागं सरलो. देवघरात तो हात जोडून उभा राहिला आणि त्यानं छाती फुगेपर्यंत श्वास घेतला. मग दुसरा. मग कोपऱ्यात जाऊन तिसरा.

"कापूर हाय," तो म्हणाला. "बाकी कायबी न्हाई. बसा, रावसाहेब."

अज्जा आत गेले. दार लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. दार उघडंच राहिलं. मी अंगणात बसलो, पेपर उलटा धरून. मंत्र सुरू झाले. मंत्र चालू आहेत तोवर श्वास चालू आहे, एवढा हिशेब मला येत होता.

मग ते थांबले.

मी पेपर खाली ठेवला. काकू स्वयंपाकघराच्या दारात आली. भागुअक्काचा डाव कढईत तसाच राहिला. देवाप्पा निघाला होता, तो फाटकाशी वळला. आतून काहीच ऐकू येईना. एक, दोन, तीन... मी उठलो.

"वादी," अज्जा आतून म्हणाले, "गंध उगाळतोय रे. श्वास घेतोय. जा तू ऑफिसला."